साडेआठ आणि साडेपाचच्या मधलं

वनमालाबाई चक्कर येऊन पडल्या तेव्हा त्यांना सावरायला घरात गंगाधर वानखडे होते, दिवाकरराव नव्हते. बायको पडली याचं दिवाकररावांना वाईट वाटलंच, पण गंगाधरांनी सावरली याचं, खरं सांगायचं तर, थोडं जास्तच वाटलं. ते नेहमीप्रमाणे वाचनालयात गेले होते. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या त्या उन्हात घामाघूम होऊन परतले, तर बायको पलंगावर, उशाशी लिंबूपाण्याचा ग्लास, आणि त्यांच्या स्वतःच्या वेताच्या खुर्चीत गंगाधर.

"या जावईबुवा," गंगाधर म्हणाले. "घाबरू नका. वनूले जराशी भोवळ आली होती. मी होतो म्हणून बरं, नाही तं डोकं ओट्यावर आपटलं असतं."

"मी होतो म्हणून बरं" हे शब्द दिवाकररावांना पुढे कित्येक दिवस जेवताना घासाबरोबर लागत राहिले.

गंगाधर आणि वनमालाबाई आर्वीच्या एकाच गल्लीतले. लहानपणी एकाच शाळेत जाऊन एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. गंगाधर रेल्वेत लागले, बिलासपूर, डोंगरगड करत निवृत्त झाले, बायको गेली, आणि दोन वर्षांपूर्वी सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाबरोबर राहायला रायपूरला आले. मुलाने घर भाड्याने घेतलं तेही नेमकं पलीकडच्या गल्लीत. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला सुनेला सोडायला आलेल्या गंगाधरांनी दारातूनच हाक मारली होती, "अवं, तू वनू न होय? बोरकराची वनू?" आणि साठी उलटलेल्या, चारचौघांत खालच्या आवाजात बोलणाऱ्या वनमालाबाई तिथल्या तिथे ओरडल्या होत्या, "अरे गंग्या!"

गंग्या! दिवाकररावांना त्यांनी चाळीस वर्षांत "अहो"शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. त्यात गैर काही नव्हतं, सगळ्यांच्याच घरात तसं होतं. पण गंग्या ऐकल्यापासून "अहो" हा शब्द दिवाकररावांना सरकारी कागदावरच्या "महोदय"सारखा वाटू लागला होता. शिवाय भाषेचंही होतंच. दिवाकरराव जन्मले वाढले रायपुरात. त्यांची मराठी पुस्तकांतून आलेली, स्वच्छ आणि थोडी घडीची. त्यांच्याशी वनमालाबाई तशाच जपून बोलत. गंगाधर आले की मात्र मले, तुले, काहून सुरू व्हायचं आणि स्वयंपाकघरातून असं हसू यायचं की हातातल्या पुस्तकाची ओळ दिवाकररावांना चारचारदा वाचावी लागे. आपण त्या हसण्याच्या लायकीचे नाही आहोत, असं त्यांना वाटे. वाटलं तरी ते कोणाला सांगणार? लाजाळू माणसाचा मत्सरही लाजाळूच असतो. तो भांडत नाही, नुसता पानं उलटत बसतो.

डॉक्टर निवेदिता साहू शंकर नगरला बसायच्या. वयाने लहान, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, रक्तदाबावर लक्ष ठेवा, घरी रोज मोजा. हे ऐकून दिवाकररावांच्या अंगात कितीतरी वर्षांनी कामाचं वारं आलं. मोजणं हा त्यांचा धर्म होता. सारी नोकरी त्यांनी हवामान वेधशाळेत काढली होती. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला नोंद घ्यायची, पाऊस असो, सण असो, घरात पाहुणे असोत. साऱ्या देशातले निरीक्षक त्याच मिनिटाला आपापल्या तापमापकापाशी उभे असतात, या विचाराने त्यांना तरुणपणी भरून येत असे. चुकलेली नोंद अंदाजाने भरायची नाही, आणि आडवेळेची नोंद धरायची नाही, हे दोन नियम त्यांनी कधी मोडले नव्हते.

त्यांनी चांगल्यातलं यंत्र आणलं आणि बायकोचा रक्तदाब मोजायला सुरुवात केली. कोणत्या वेळी, हे वेगळं सांगायला नको.

वनमालाबाई सव्वाआठपासूनच पलंगावर बाही वर करून तयार बसत. "या, तुमचा पाऊस मोजा," म्हणत. साडेआठची नोंद झाली की नऊ वाजता दिवाकरराव पहिल्या चकरेच्या आधीपासून चालू असलेल्या गोळ्या आपल्या हाताने देत. एक रोजची, आणि एक पांढरी, लघवी वाढवून अंगातलं पाणी कमी करणारी, ती एक दिवसाआड. गोळी एकदाही चुकली नाही. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा पट्टा. वरचा आकडा एकशे तीस, बत्तीस, फार तर छत्तीस. आलेखावर अशी सरळ रेघ उमटली की दिवाकररावांनी ती लांब धरून दोनदा पाहिली. हवामानात अशी रेघ त्यांना जन्मात मिळाली नव्हती.

आणि वनमालाबाई आणखी दोनदा पडल्या. एकदा अंगणात, एकदा न्हाणीघराच्या दारात. हात मुरगळला, तोंडावर खरचटलं.

डॉक्टरांनी आलेख पाहिला. "अंकल, ये तो बहुत सुंदर है," त्या म्हणाल्या. "लेकिन बीच का क्या? सुबह से शाम तक आंटी का क्या होता है, ये तो इसमें है ही नहीं." मग त्या गंभीर झाल्या. पुढच्या आठवड्यापर्यंत कारण समजलं नाही तर हृदयाच्या तपासण्यांसाठी नागपूरला पाठवावं लागेल, आणि तोवर बाईंना घरात एकटं सोडू नका. पुढचं पडणं हातावर निभावेलच असं नाही.

"मधलं गंगाधरजवळ आहे न," वनमालाबाई सहज म्हणाल्या. "त्याच्याजवळ पंपाचं मशीन आहे. येता-जाता पाहून घेतो तो."

"तो वही ले आइए न!" डॉक्टर म्हणाल्या.

दिवाकरराव बायकोला घेऊन ऑटोने निघाले. बूढ़ातालाबाचं वळण आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "गंगाधरराव तुझा रक्तदाब मोजतात?"

"हो. काहून? म्हणजे, का?"

"मला बोलली नाहीस."

"तुम्हाला काय बोलायचं? मधून गरगरलं म्हटलं की तुम्ही तक्ता करता आणि घराबाहेर पडू देत नाही. त्याला सांगितलं तर तो म्हणतो, बस, पाणी पी."

"त्या नोंदी कामाच्या नाहीत," दिवाकरराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "कधी सकाळी, कधी दुपारी, मधेच चार दिवस नाही. अंतर सारखं नसेल तर त्यातून काही निघत नाही."

"निघत नाही की तुम्हाला काढायचं नाही?" वनमालाबाईंनी विचारलं, आणि ऑटोवाल्याला वळायला सांगितलं.

गंगाधर मोजलेला आकडा कागदावर लिहीत नसत. ते तो घरी जाता जाता वनमालाबाईंच्या मोबाइलवर टाकत. म्हणजे आकडे हवे असतील तर त्या दोघांचे सगळे निरोप वाचणं आलं. वनमालाबाईंनी फोन बिनधास्त नवऱ्याच्या हातात दिला आणि त्या भाजी निवडायला बसल्या. चोरून वाचायची वेळ आली असती तर दिवाकररावांना निदान वाचायचं नाही असं ठरवता तरी आलं असतं.

"वनू, आज १३१. वाघीण आहेस." खाली फुलांचा गुच्छ. "वनू, ९८. लिंबूपाणी घे, मीठ टाकून. जावईबुवाले सांग." "आर्वीच्या जत्रेतला बत्तासा आठवते का? १०२." "१२८. आज चारोळीची चारं आणली, देऊन गेलो. जावईबुवा झोपले होते." दिवाकररावांनी आकडे आणि त्यांच्या वेळा एका कागदावर उतरवल्या. बत्तासा उतरवला नाही, पण तो आकड्यांपेक्षा जास्त लक्षात राहिला. बत्ताशाचं त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं.

उतरवून झाल्यावर त्यांनी आपला आलेख शेजारी ठेवला. त्यांच्या स्वतःच्या नोंदीत एकदाही एकशे सव्वीसच्या खाली आकडा नव्हता. गंगाधरांच्या नोंदीत शंभराच्या आसपासचे, शंभराच्या आतलेही आकडे होते. यंत्र बरोबर असेल तर अर्थ एकच होता. आपण पट्टा बांधतो तेव्हा हिचं रक्त ताठ उभं राहतं, आणि गंगाधर जवळ बसले की शांत होतं. हिला स्वस्थ वाटतं ते त्यांच्याजवळ. हा अर्थ त्यांनी काढला तेव्हा तो त्यांना इतका पटला, की जणू तो आधीपासून ठाऊक होता आणि आकड्यांनी फक्त सही केली.

एकच वाट उरली होती, गंगाधरांचं यंत्र खोटं निघावं. दिवाकरराव आपलं यंत्र पिशवीत घालून पलीकडच्या गल्लीत गेले.

"या या जावईबुवा! आज सूर्य कुठून उगवला?"

"यंत्र ताडून पाहायचं होतं," दिवाकरराव म्हणाले.

"पाहा की. पण कोणाच्या हातावर? माझ्याच हातावर मले नाडी लागत नाही धड. तुमचाच द्या."

गंगाधरांनी पट्टा बांधला, पंप दाबला, कानात नळ्या घालून डोळे मिटले. अंगाला तंबाखूचा आणि साबणाचा वास होता. दिवाकररावांनी मान फिरवली.

"अबब! एकशे सत्तर! जावईबुवा, तुमाले काय झालं? वनूचं पाहता पाहता तुमचंच चढून राहिलं!"

दिवाकररावांनी आपलं यंत्र लावलं. त्यानेही एकशे अडुसष्ट दाखवलं. दोन्ही यंत्रं खरी होती.

"गोळी घेता का तुम्ही?" गंगाधरांनी काळजीने विचारलं. त्या आवाजात कळवळा होता आणि तो अगदी खरा होता. दिवाकररावांना तोच सहन झाला नाही. चहा न घेता ते उठले.

त्यानंतरचे दोन दिवस त्यांनी जुन्या पुस्तकांत घालवले. निवृत्तीच्या वेळी हौसेने घेतलेल्या संख्याशास्त्राच्या एका जाड ग्रंथात बेशिस्त नोंदींवर एक प्रकरण होतं. वेधशाळेत तशी पाळी कधी यायची नाही म्हणून त्यांनी ते वाचलं नव्हतं. आता वाचलं, आणि समजायला त्रास झाला. आपली बुद्धी मुळातच बेताची, असं त्यांना पानापानावर वाटलं. पण मुद्दा हळूहळू उतरला. रोज ठरल्या वेळी खिडकीतून डोकावणाऱ्याला गल्ली कायम एकसारखीच दिसते. दूधवाला, फेरीवाली, भांडणारी पोट्टी त्याच्या दृष्टीने नसतातच. वाटेल तेव्हा डोकावणाऱ्याला दर वेळी थोडंच दिसतं, पण पुरेसे दिवस गेले की सगळी गल्ली त्याच्या हाती लागते. फक्त ते तुकडे कुठे बसवायचे, हे कळायला हवं. काही परत परत होत असेल तर ते किती काळाने होतं, तेवढं हुडकायचं. तेवढ्या लांबीचे तुकडे कापायचे आणि एकावर एक ठेवायचे. लांबी चुकली तर ठिपक्यांचा चिवडा होतो. बरोबर आली तर ठिपके आपोआप रांगेत उभे राहतात. आणि मधली भोकं अंदाजाने भरायची नाहीत. हे वाचून त्यांना थोडं बरं वाटलं. निदान एक नियम तरी आपला होता.

स्टेशनरीच्या दुकानातून त्यांनी बटर पेपरचा गुंडाळा आणला. लांब पट्टीवर दिवस आणि तास आखले, आणि गंगाधरांचा एकेक आकडा त्याच्या वेळेवर ठिपक्याने मांडला. मग कात्री घेतली.

"पतंग करून राहिले का?" वनमालाबाईंनी डोकावून विचारलं.

"नाही," ते म्हणाले.

आधी एकेका दिवसाचे तुकडे कापून खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. मागून ऊन येत होतं, सगळे ठिपके दिसत होते. दुपारी बारा-एकला काही खाली, काही वर. चिवडा. मग त्यांनी दुसरी पट्टी काढली आणि आठवड्याचे तुकडे केले. हे करताना त्यांच्या मनात काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. गंगाधर मंगळवारी आणि शनिवारी मारुतीच्या देवळातून येताना निवांत बसत, गप्पा मारत. त्या दोन वारी खड्डा दिसायला हवा होता. तो दिसावा असं त्यांना वाटत होतं की दिसू नये असं, हे मात्र सांगता आलं नसतं. मत्सर करणाऱ्याला पुरावाही हवा असतो, आणि पुरावा मिळाला तर काय करायचं हेही माहीत नसतं.

मंगळवारी वरही होते, खालीही होते. शनिवारीही तेच. पुन्हा चिवडा. गंगाधर होते आणि आकडा एकशे एकतीस होता. गंगाधर होते आणि आकडा अठ्ठ्याण्णव होता. म्हणजे गंगाधरांचा त्यात काही हात नव्हता. दिवाकरराव खुर्चीत बसले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण आपण एवढे दिवस कशावर जळत होतो ते हातातून निसटल्यासारखंही वाटलं.

तिसरी पट्टी त्यांनी दोन-दोन दिवसांची कापली, आणि ती काचेवर धरताच त्यांना काही विचार करावाच लागला नाही. ठिपके रांगेत उभे राहिले होते. एका दिवशी सारे ठिपके वर, सपाट. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या पुढे घसरण, दुपारी खोल दरी, चारनंतर हळूहळू चढ, आणि साडेपाचला पुन्हा सपाट जमीन. मधे गंगाधर भाचीच्या लग्नाला नागपूरला गेले होते ते दिवस कोरे होते, पण त्यांच्या अलीकडचे आणि पलीकडचे ठिपके एकाच दरीत उतरत होते. तिन्ही पडण्याचे दिवस त्यांनी मांडून पाहिले. तिन्ही त्या दरीत.

एक दिवसाआड काय होतं? घरात एक दिवसाआड होणारी गोष्ट एकच होती. ती पांढरी गोळी. भर उन्हाळ्यात आधीच घामाने कोरडं पडलेलं शरीर, आणि त्यात ही गोळी, नऊच्या ठोक्याला, त्यांच्या स्वतःच्या हाताने, एकदाही न चुकता.

त्यांनी पट्टी काचेवरून काढून टेबलावर ठेवली. मग स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"उद्या पांढऱ्या गोळीचा दिवस आहे," ते म्हणाले. "डॉक्टरांना आधी फोन करतो."

डॉक्टरांनी बटर पेपर खिडकीशी धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. पांढरी गोळी उन्हाळ्यापुरती बंद झाली. नागपूरच्या तपासण्या पुढे ढकलल्या. "अंकल, कमाल कर दिया आपने," त्या म्हणाल्या.

"आकडे माझे नाहीत," दिवाकरराव म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं.

"पण कापाकापी यांचीच," वनमालाबाई म्हणाल्या. "सारं घर बटर पेपर करून ठेवलं."

डॉक्टर हसल्या. मग म्हणाल्या, आता दुसरी गोळी एकटीने पुरते का, हे पाहायला हवं. मोजणं चालूच ठेवा, पण साडेआठ-साडेपाच नको. कधीही. आंटींना आधी कळता कामा नये, कळलं की आकडा चढतो.

नौतपा सुरू झाला, वर्षातले सर्वांत तापलेले नऊ दिवस. बाहेर डांबर पाघळत होतं. दिवाकररावांनी वेळ ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. सकाळी एक उचलत आणि तिच्यावरच्या वेळी उठत. पण दुपारी पावणेदोनला ते यंत्र घेऊन उठले की वनमालाबाई झोपेतही बाही वर करत.

"तुम्हाला कसं कळतं?" त्यांनी वैतागून विचारलं. रागात ते बायकोला तुम्ही म्हणत.

"अर्धा तास आधीपासून घड्याळ पाहता, खाकरता, चष्मा पुसता. मी काय आंधळी आहे?" वनमालाबाई म्हणाल्या. "तुमच्याच्यानं होणार नाही ते. तुम्हाला येत नाही अवचित काही करता." हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत, आणि म्हणून ते जास्त लागलं.

त्या आठवड्यात गंगाधर आलेच नव्हते. एकशे सत्तरच्या दिवशी जावईबुवा चहा न घेता उठून गेले, यावरून त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं. वनमालाबाई त्यावर काही बोलल्या नव्हत्या. फक्त दुपारी दाराकडे तोंड करून बसत होत्या. दिवाकररावांनी हे पाहिलं होतं. तसं पाहिलं तर त्यांना हवं होतं ते झालं होतं. आणि बटर पेपरची नवी पट्टी कोरी पडली होती. तिच्यावर त्यांच्या हातचे जे चार ठिपके होते ते सगळे एका ओळीत, एकशे चौतीसवर, तयार बसलेले.

शेवटी एका सकाळी त्यांनी चपला घातल्या. पलीकडच्या गल्लीत गंगाधर अंगणात दाढी करत होते. गालाला फेस तसाच ठेवून ते उभे राहिले.

"वनू बरी आहे न?"

"बरी आहे." दिवाकररावांनी घसा साफ केला. वाटेत त्यांनी चार वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आठवेना. "तुम्ही येत नाही."

"तुमाले आवडत नाही जावईबुवा," गंगाधर सरळ म्हणाले. "मले समजते. मी काही पोट्टा नाही आता."

"नाही आवडत," दिवाकरराव म्हणाले, आणि स्वतःच दचकले. पण शब्द निघून गेला होता आणि आश्चर्य म्हणजे त्यानंतर पुढचे सोपे झाले. "ते असू द्या. तिचा रक्तदाब पाहायचा आहे. मला येत नाही. मी उठलो की तिला कळतं. तुम्ही येत जा."

"येईन की. केव्हा येऊ? सांजच्याले?"

"वेळ ठरवू नका. सांगूनही येऊ नका. वाटेल तेव्हा या, बसा, बोला, मधेच पट्टा बांधा."

"आणि तुम्ही वाचनालयात असले तं?"

दिवाकररावांनी कुंपणाची तार धरली. ती तापली होती. "तेव्हाही या," ते म्हणाले. थांबले. "तेव्हा तर याच."

गंगाधरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग टॉवेलने गालाचा फेस पुसला, अर्धी दाढी तशीच ठेवून आत गेले, पंपाचं मशीन काखेत मारलं आणि चपला सरकवत म्हणाले, "मग आत्ताच चाललो. अर्ध्या दाढीनं येईन असं वनूच्या बापाच्याही ध्यानात येणार नाही."

फाटक उघडं टाकून ते झपाझपा निघाले. दिवाकररावांनी ते लोटलं, कडी घातली, आणि घराकडे वळले. गल्ली पुरती दोन मिनिटांचीही नव्हती. पुढे गंगाधर कोपऱ्यावरून दिसेनासे झाले. थोड्या वेळात घराकडून वनमालाबाईंचा आवाज आला, "अरे गंग्या, हे काय रे सोंग?" आणि मागोमाग हसणं. दिवाकररावांच्या छातीत नेहमीचं काहीतरी टोचलं. नोंद व्हायला अजून थोडा वेळ लागणार होता, आणि आपण दिसलो तर ती बिघडणार होती. ते लिंबाच्या सावलीत उभे राहिले आणि मग मुद्दाम, एकेक पाऊल मोजून नव्हे, नुसतेच सावकाश, चालू लागले.